लहान मुलांचं मन आणि प्राथमिक शाळा: पालक-शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतले पालक आणि शिक्षक पालकसभेत, शाळेच्या गेटवर, फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे पान पहिली ते पाचवीच्या मुलांपुरतं आहे. आधी साधे प्रश्न आणि पुढे अडचणीचे, असा क्रम ठेवला आहे. तातडीची वेळ असेल तर बाकीचं सोडून थेट प्रश्न १७ आणि १८ वाचा.

१. एवढ्याशा पोरांना कसलं आलंय मानसिक आरोग्य? मोठी झाली की विसरून जातील.

सहा-सात वर्षांच्या मुलाला भीती, लाज, मत्सर, दुःख सगळं मोठ्यांइतकंच होतं. ते सांगायला शब्द तेवढे नसतात. ‘मला उदास वाटतंय’ असं दुसरीतलं मूल म्हणत नाही. ते डबा तसाच परत आणतं, पोट दुखतं म्हणतं, धाकट्या बहिणीला चिमटे काढतं, नाहीतर एकदम शहाण्यासारखं गप्प बसतं. विसरण्याचं म्हणाल तर प्रसंग विसरला जातो, पण त्यातून बसलेली धास्ती राहते. फळ्यापाशी उभं करून सगळ्या वर्गाला हसवलेलं चाळिशीतल्या माणसालाही आठवतं.

मूल कायम आनंदी असावं, अशी अपेक्षा कोणी धरू नये. ते रडेल, भांडेल, रुसेल. त्यानंतर सावरून जेवायला बसलं, खेळायला पळालं, रात्री झोपलं, तर ठीक आहे. हे सावरणं थांबलं की लक्ष घालायचं.

२. नेमकं काय दिसलं तर लक्ष द्यायचं? प्रत्येक मूल वेगळंच असतं की.

म्हणूनच मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी न करता त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा. मुळात अबोल असलेलं मूल अबोल आहे, यात काळजीचं काही नाही. बडबडं मूल अबोल झालं तर आहे. झोप, भूक, खेळ, मैत्री, अभ्यास यांतल्या एकापेक्षा जास्त ठिकाणी बदल दिसला आणि तो दोन आठवडे टिकला, तर थांबू नका.

वह्या नीट पाहिल्या तर पुष्कळ कळतं. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक ओळ खोडरबरने खोडून पुन्हा लिहिलेली दिसायला लागली, इतकी की कागदाला भोकं पडली होती. अक्षर सुंदर, चुका शून्य, त्यामुळे शेरा मिळत होता ‘छान!’. घरी रोज रात्री चूक दिसली की पान फाडलं जात होतं. वर्गात त्रास देणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. असं गुणी दिसणारं, आतून घाबरलेलं मूल वर्षभर नजरेतून सुटतं.

३. रोज सकाळी ‘पोटात दुखालंय’ म्हणून रडतो, रविवारी मात्र ठणठणीत. नाटक करतोय का?

बहुतेक वेळा नाटक नसतं. भीतीने पोटात खरोखरच कळ येते, मळमळतं, संडासला लागतं. मोठ्यांचं परीक्षेआधी होतं तेच हे. तरी पहिली फेरी डॉक्टरांकडेच व्हावी. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग यांनीही पोट दुखतं.

डॉक्टरांनी काही नाही म्हटलं की दुखणं कुठे सुरू होतं याचा माग काढा. रिक्षात मोठी मुलं त्रास देतात का? एखाद्या तासाची भीती आहे का? आणि हा प्रश्न तर विचाराच: शाळेच्या स्वच्छतागृहात जातोस का? कडी नाही, पाणी नाही, वास येतो, मोठी मुलं दार ढकलतात, म्हणून दिवसभर लघवी दाबून धरणारी, पाणीच न पिणारी मुलं आम्ही प्रत्येक शाळेत पाहिली आहेत. अशा मुलाला समुपदेशन नको, दाराला कडी पाहिजे.

कारण शोधणं चालू असताना शाळा बंद करू नका. घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसाने परतणं जड होतं. गरज पडल्यास सुरुवातीला अर्धा दिवस, आवडत्या तासाला, ओळखीच्या बाईंच्या हातात सोपवून, पण रोज.

४. पहिलीतली मुलगी गेटवर हात सोडत नाही. किती दिवस चालवून घ्यायचं?

जूनमध्ये दोन-तीन आठवडे हे होतंच. निरोप थोडक्यात आणि रोज एकसारखा घ्या. ‘जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास, मग आजी येणार’ असं सांगा आणि आजींनी वेळेवर यावं. तिची नजर चुकवून पळून जाऊ नका, कारण मग ती दुसऱ्या दिवशी दुप्पट घट्ट धरते. महिना उलटला तरी रडणं तेवढंच असेल, किंवा दुसरी-तिसरीतलं मूल अचानक असं करायला लागलं, तर प्रश्न २ आणि ३ प्रमाणे कारण शोधा.

५. घरी तोंडाला खळ नसतो, शाळेत मात्र एक शब्द नाही. बाई म्हणतात हट्टी आहे.

हट्ट नाही. काही मुलांची वाचा ठरावीक ठिकाणी भीतीने बंद होते. तज्ज्ञ याला निवडक मौन म्हणतात. शाळेचा पहिला महिना सोडून पुढेही ते टिकलं तर बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. ‘बोल, नाहीतर डबा मिळणार नाही’ अशी सक्ती केली की मूल आणखी मिटतं. मान हलवणं, बोट दाखवणं, एका मैत्रिणीच्या कानात सांगणं, मग हळू आवाजात एक शब्द, असं पायरी-पायरीने जावं लागतं. पहिला शब्द आला की टाळ्याही वाजवू नका, ऐकून पुढे चला.

यात एक गोष्ट वेगळी काढायला हवी. घरी कन्नड, हिंदी किंवा मारवाडी बोलणारं मूल नव्या भाषेत काही महिने नुसतं ऐकत राहतं. ते स्वाभाविक आहे. आणि ‘न्हाई’, ‘करालोय’ म्हटल्यावर ज्याला हसतात, ते गावाकडचं मूलही बोलणं थांबवतं. तिथे मुलाला काही झालेलं नसतं, वर्गाला समज द्यायची असते.

६. एका जागी दोन मिनिटं बसत नाही. हा एडीएचडी आहे का?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. सात वर्षांच्या मुलाने चुळबुळ करणं हा आजार नाही. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी आणि रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकी असावी लागतात. शाळेतच चुळबुळ आणि घरी तासभर चित्र काढत बसतो, तर आधी वर्गात काय चाललंय ते पाहावं. कमी झोप, ऐकू कमी येणं, घरातली भांडणं यांनीही मूल असंच वागतं. निदान डॉक्टर करतील. शिक्षकांनी ‘याला एडीएचडी आहे’ असं पालकांना सांगू नये, काय दिसतं ते तारखेसह सांगावं.

७. तोंडी सगळं येतं, लिहायला दिलं की बोंब. आळशी आहे का?

आधी डोळे आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही याची काळजी घ्या. दोन्ही ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाण्याचा, विचार करावा लागतो. अक्षरं उलटी होणं, जोडाक्षरं गळणं, वाचताना ओळ हरवणं हे सगळं पहिलीत अनेकांचं होतं, तिसरीतही तसंच राहिलं तर तपासणी हवी. प्रमाणपत्रासाठीचं मूल्यमापन साधारण आठ वर्षांनंतरच होतं, त्यामुळे त्याआधी घाईने शिक्का नको. पण मदत मात्र पहिलीपासूनच सुरू करता येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) आहेत. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलवा. शंभर वेळा लिहायची शिक्षा देऊन कोणतंही मूल वाचायला शिकलेलं नाही.

८. वर्गात साठ मुलं, वर ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा हिशेब ठेवा. यात मनाकडे कधी बघायचं?

शिक्षकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘अजून एक उपक्रम घ्या’ हे उत्तर देणं अन्याय आहे. आम्ही सांगतो त्याला वेगळा तास लागत नाही.

हजेरी घेताना वहीकडे न बघता चेहऱ्याकडे बघा. नाव पुकारल्यावर मुलाने ‘हजर’ऐवजी बोटं दाखवायची: पाच म्हणजे मस्त, एक म्हणजे आज बरं नाही. एक बोट दाखवणाऱ्याला तिथे काही विचारायचं नाही, सुट्टीत पाठीवर हात ठेवून ‘काय रे, जेवलास का?’ एवढंच. दिवसाचं वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. ज्याच्या घरात काय होईल याचा भरवसा नाही, त्याला पुढे काय होणार हे दिसलं की जिवात जीव येतो. खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नका. ज्याला त्या तासाची सर्वात जास्त गरज असते, त्याचाच नेमका कापला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुकडे जोडा. मुलाबद्दलची माहिती शाळेत असतेच, पण विखुरलेली असते. हा आता खिचडी दुसऱ्यांदा मागतो, हे शिजवणाऱ्या ताईंना माहीत असतं. हा हल्ली रिक्षात पुढे माझ्याशेजारीच बसतो, हे रिक्षामामांना. हा सारखा तोंड धुवायला जातो, हे शिपाईमामांना. बाईंना माहीत असतं की गृहपाठ येत नाही. चौघांनाही आपापली गोष्ट किरकोळ वाटते, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. चारही एकत्र ठेवल्या की चित्र लख्ख दिसतं. शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी, ताई आणि मामांसह, बसावं. ‘या आठवड्यात कोण वेगळं वाटलं?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्या शाळांनी हे मनापासून चालू ठेवलं, तिथे मुलं लवकर लक्षात येतात. आमच्या मते पोस्टर, व्याख्यानं आणि मानसिक आरोग्य सप्ताह यांपेक्षा या दहा मिनिटांचं मोल जास्त आहे.

९. शिस्तीसाठी एखादी चापट तरी? आम्हीही मार खाऊनच शिकलो.

नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे आणि त्याच कलमात मानसिक छळही आहे. म्हणजे ‘ढ’ म्हणणं, अंगठे धरायला लावणं, फी राहिली म्हणून उभं करणं हेही बंद. पालकांनी ‘मारा सर, आमची हरकत नाही’ असं लिहून दिलं तरी त्याने कायदा बदलत नाही.

शिस्त हवीच. नियम थोडे, सगळ्यांना सारखे आणि आधी सांगितलेले असावेत. शाई सांडली तर पुसायची, पुस्तक फाडलं तर चिकटवायचं. रागावायचं असेल तर बाजूला घेऊन.

१०. शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करून घेतली तर बिघडलं कुठे? आमच्या तालुक्याचं नाव त्यावरच आहे.

तयारीत काही वाईट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी शिष्यवृत्तीत जे नाव कमावलं, त्यामागे शिक्षकांचे जादा तास आहेत, सुट्ट्या सोडून केलेले कष्ट आहेत. शेतमजुराच्या मुलाला त्यातून वाट मिळाली, हेही खरं.

बिघडतं ते प्रमाण सुटल्यावर. पहाटे उठून सराव, मग शाळा, मग जादा तास, रविवारी चाचणी आणि रात्री अकरापर्यंत गृहपाठ, हे दहा वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक आम्ही स्वतः पाहिलेलं आहे. या वयात नऊ ते बारा तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, तेही झोपेचाच विचार करून. झोप कापून सोडवलेली प्रश्नपत्रिका डोक्यात राहत नाही, चिडचिड तेवढी राहते.

चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचू नका, क्रमांक भिंतीवर लावू नका. रोज किमान तासभर मोकळा खेळ ठेवा. निकालानंतर चौकात यशवंतांचे फ्लेक्स लागतात, तेव्हा त्याच गल्लीत तेवढाच अभ्यास केलेलं आणि दोन गुणांनी हुकलेलं मूल असतं. निकालाच्या दिवशी शिक्षकांनी आधी त्याच्या घरी जावं. आणि ज्याला ही परीक्षा झेपत नाही, त्याला ‘शाळेचा निकाल खाली येईल’ म्हणून वगळणं किंवा जबरदस्तीने बसवणं, दोन्ही चूक.

११. पोरं एकमेकांना चिडवणारच. चिडवणं आणि छळ यातला फरक कसा ओळखायचा?

दोघं हसतात, आज हा चिडवतो, उद्या तो, तर ती मस्करी. एकच मूल पुन्हा पुन्हा लक्ष्य होतं, ते दुबळं किंवा एकटं आहे आणि ते हसत नाही, तर तो छळ. रंग, लठ्ठपणा, बोलण्याची ढब, वडिलांचं काम आणि जात यांवरून झालेलं चिडवणं एकदाच झालं तरी थांबवायचं. जातीवरून बोलणारं मूल ते घरून शिकून आलेलं असतं, म्हणून तिथे पालकांशीही बोलावं लागतं.

दोघांना समोर उभं करून ‘हात मिळवा, सॉरी म्हणा’ करू नका. त्याचा राग नंतर रिक्षात निघतो. दोघांशी वेगवेगळं बोला. बघत उभ्या राहिलेल्या मुलांना कामाला लावा: कोणी एकटं दिसलं की खेळात घ्यायचं, आणि बाईंना सांगणं ही चुगली नाही. छळणाऱ्या मुलाकडेही बघा, तेही बऱ्याचदा कुठेतरी मार खात असतं.

१२. मोबाइल किती वेळ द्यावा?

जेवताना आणि झोपण्याआधी तासभर अजिबात नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात. सगळ्यांनी म्हणजे वडिलांनीसुद्धा.

१३. पाऊस वाढला की मुलगी झोपत नाही. २०२१ चा पूर तिला आठवत असेल का?

असू शकेल, आणि नसला तरी घरातल्या मोठ्यांची धास्ती तिला दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर दर पावसाळ्यात घरात एकच बोलणं असतं: पाणी किती फूट झालं, मच्छिंद्री झाली का (म्हणजे पाणी पुलाच्या कमानीला टेकलं का), जनावरं कधी हलवायची. मूल अभ्यास करत असल्यासारखं दिसतं, पण कान तिकडेच असतात.

पूरपट्ट्यातल्या एका शाळेत तिसरीतली मुलगी पावसाची सर आली की दप्तर बाकावर ठेवायची, चपला काढून दप्तरावर ठेवायची आणि मग लिहायला बसायची. बाईंनी आधी चपला खाली ठेवायला लावल्या, तेव्हा ती थरथरायला लागली. नंतर बाईंनी वर्गात एक उंच फळी बसवली आणि सांगितलं, ‘पावसाच्या दिवशी ज्याला वाटेल त्याने दप्तर वर ठेवायचं.’ पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने ठेवलं.

‘काही होत नाही, घाबरायचं नाही’ हे मुलाला पटत नाही, कारण झालेलं त्याने पाहिलं आहे किंवा ऐकलं आहे. त्यापेक्षा खरी माहिती आणि त्याचं स्वतःचं काम द्या: पाणी इतकं आलं की आपण अमुक ठिकाणी जाणार, तुझ्या पिशवीत वह्या, आवडतं खेळणं आणि बॅटरी तू भरायचीस. पुराची दृश्यं टीव्हीवर आणि मोबाइलवर सारखी लावू नका. निवारा केंद्र शाळेतच असेल, तर पाणी ओसरल्यावर वर्ग सुरू होताना मुलांना आधी वर्ग आवरू द्या, चित्रं काढू द्या, बोलू द्या, पण बोलायची सक्ती नको.

पुरानंतर काही आठवडे अंथरूण ओलं होणं, आईला चिकटणं, दचकून उठणं हे होतं. महिनाभराने ते कमी होत नसेल, तर प्रश्न १६ प्रमाणे मदत घ्या. लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं म्हणून लाज काढू नका, हा त्याच्या हातातला भाग नसतो.

१४. ऊसतोड मजुरांची मुलं हंगामात येतात आणि जातात. चार महिन्यांत काय होणार?

पुष्कळ होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. ते वेगळ्या रांगेत किंवा व्हरांड्यात बसता कामा नये. पहिल्याच दिवशी एक जोडीदार द्या, त्याचं नाव फळ्यावरच्या यादीत लिहा आणि त्याच्या गावाची एखादी गोष्ट सगळ्या वर्गाला सांगू द्या. ही मुलं फडात धाकट्या भावंडाला सांभाळून आलेली असतात, झोपलेली नसतात. ‘ही पोरं लक्षच देत नाहीत’ म्हणण्याआधी ते ध्यानात घ्या. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या कोल्हापुरात कोणतंच मूल पाहुणं नसावं. निघताना पुस्तकं आणि पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड हातात द्या.

१५. वर्गातल्या मुलाचे वडील वारले. तो शाळेत आल्यावर काय बोलायचं? की विषयच काढायचा नाही?

काढायचा, पण त्याच्या गतीने. तो येण्याआधी वर्गाला सरळ शब्दांत सांगा: ‘त्याचे बाबा वारले. तो रडला तर रडू द्यायचं, खेळायला आला तर खेळायला घ्यायचं.’ ‘देव झोपवून घेऊन गेला’ असं लहानांना सांगू नका, काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात. मृत्यू कायमचा असतो ही समज साधारण पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान हळूहळू येते, म्हणून पहिलीतलं मूल पुन्हा पुन्हा विचारेल ‘मग कधी येणार?’ त्याला दर वेळी तेच खरं उत्तर द्या.

वडिलांवरचा निबंध, पालक दिन, अर्जावरची सही या दिवसांचा विचार आधीच करून ठेवा. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात होतो. दुःखात असलेल्या घराला हे सुचत नाही, शाळेने सुचवावं.

१६. बाहेरची मदत लागली तर कोल्हापुरात कुठे जायचं? आणि लोक ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं’ म्हणतील त्याचं काय?

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून किंवा बालरोगतज्ज्ञांपासून करा. सरकारी सेवेत सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत आणि मराठीत. पालक आणि शिक्षकही स्वतःसाठी फोन करू शकतात. समुपदेशक बोलून आणि खेळातून मदत करतात, औषध फक्त मानसोपचारतज्ज्ञ देतात, आणि लहान मुलांना बऱ्याचदा औषध लागतच नाही.

लोकांच्या बोलण्याचं असं आहे की दात दुखला तर आपण कोणाला विचारत नाही. गल्लीला सांगायची गरज नाही. मुलाला मात्र खोटं सांगून नेऊ नका. ‘तुला झोप लागत नाही ना, त्यावर मदत करणाऱ्या डॉक्टर आहेत’ एवढं पुरतं.

घरातले देवऋषाकडे न्यायचं म्हणत असतील, तर त्यांच्या श्रद्धेची टिंगल करू नका. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण डॉक्टरांची वेळ चुकवू नका. ‘बाहेरचं’ उतरवण्यासाठी मुलाला मारणं, चटके देणं, कोंडणं मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे शाळेने गप्प बसायचं नाही.

१७. चौथीतलं मूल ‘मला मरायचंय’ म्हणालं. रागाच्या भरात म्हणाला असेल, सोडून द्यावं का?

सोडून देऊ नका. ‘असं बोलू नये’ म्हणून दटावूही नका. शांतपणे, एकट्यात विचारा: ‘असं कधी वाटतं? काही करायचं मनात आलं होतं का?’ विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात घुसत नाही. उलट कोणीतरी ऐकतंय हे कळतं. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका आणि पालकांना बोलावून समोरासमोर सांगा, चिठ्ठी पाठवू नका. शेतकरी घरात तणनाशक आणि कीटकनाशक गोठ्यात उघड्यावर असतं, ते त्याच दिवशी कुलपात गेलं पाहिजे. आजोबांच्या गोळ्याही. टेली-मानसच्या १४४१६ या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. मुलाने काही केलं असेल किंवा कसं करणार हे सांगत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

१८. मुलीने विश्वासाने काही सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. शब्द पाळायचा की नाही?

असा शब्द आधीच देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एक-दोघांना सांगावं लागेल, पण वर्गात कुणाला कळणार नाही’ हे खरं आहे, तेच सांगा. मैत्रिणीशी भांडण, गुपचूप घेतलेली पेन्सिल अशा गोष्टी तुमच्यापाशीच ठेवा.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास आहे.

मुलीचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून ‘खरं काय?’ करू नका. ‘तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही’, हे वाक्य मात्र तिने ऐकलंच पाहिजे.

१९. मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक म्हणतात, ‘शाळेची बदनामी होईल, आपण आपसात बघू.’ मग?

प्रश्न १८ मधली जबाबदारी प्रत्येक व्यक्तीची आहे, फक्त मुख्याध्यापकांची नाही. वरिष्ठांना सांगितल्याने ती संपत नाही. तुम्ही स्वतः पोलिसांना कळवा, मदतीला १०९८ आहे. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तिच्यासमोर लेखी ठेवा, पण समितीची बैठक होईपर्यंत कळवायचं थांबवू नका.

२०. पालकांना चार वेळा बोलावलं, येतच नाहीत.

दुपारी तीनची वेळ दिली तर यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत पाळी करणारा माणूस खाडा करून येणार कसा? त्यांच्या सुट्टीचा वार विचारा, सकाळी लवकर भेटा, फोनवर बोला. पहिल्या भेटीत तक्रार नको, मुलाचं एक चांगलं सांगा. बऱ्याच पालकांना शाळेतून आलेला निरोप म्हणजे ओरडाच वाटतो, कारण त्यांच्या लहानपणी तो तसाच असायचा.

तरी कोणी आलं नाही आणि मूल उपाशी, मार खाल्लेलं, उपचारावाचून दिसत असेल, तर ते पालकांच्या सोयीवर सोडायचं नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बालकल्याण समितीला कळवा.

२१. आई-वडील वेगळे राहतात. दोघंही गेटवर येतात आणि मुलाला न्यायला बघतात. शाळेने कोणाचं ऐकायचं?

न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत घ्या आणि त्याप्रमाणे वागा. आदेश नसेल तर दोघांपैकी कोणा एकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्याला मज्जाव करू नका. कोण नेणार, कोणत्या वारी, हे दोघांकडून लेखी घ्या. गेटवर वाद झाला तर मुलाला आधी आत, कार्यालयात बसवा, मोठ्यांचं नंतर बघा. ‘तुला कोणाबरोबर जायचंय?’ हा प्रश्न शाळेने मुलाला कधीही विचारू नये. प्रगतिपुस्तक आणि पालकसभेचा निरोप दोघांनाही वेगवेगळा द्या.

२२. मुलाचे उपचार चालू आहेत. हे सगळ्या शिक्षकांना सांगायचं का? शाळा बदलताना दाखल्यावर येईल का?

दाखल्यावर येत नाही आणि येऊ नये. ज्यांचा त्या मुलाशी रोज संबंध आहे त्यांनाच, तेही लागेल तेवढंच सांगायचं. खेळाच्या सरांना निदान कळायची गरज नाही, ‘शिट्टीच्या मोठ्या आवाजाने तो दचकतो, जरा लांबून वाजवा’ एवढं कळलं तरी पुरे. कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात. पालकांच्या किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, अहवाल टाकायचा नाही, ‘मदत हवी’ म्हणूनसुद्धा नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

शाळा बदलताना नव्या वर्गशिक्षकांना काय सांगायचं ते पालकांनी ठरवावं. जुन्या बाईंनी त्यांच्या परवानगीने एक पान लिहून द्यावं: याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, आणि रडायला लागला तर कशाने शांत होतो.